युज केस शिकवणारा पुण्यातला वीकएंड क्लास: कोणी करावा, कोणी सोडून द्यावा

युज केस म्हणजे सिस्टिम वापरून माणूस एखादं काम कसं पुरं करतो, त्याची पायरी-पायरीने लिहिलेली गोष्ट. आधी निकाल सांगते, कारणं मग. क्लास करण्यासारखा आहे, पण त्यातला दुसरा वीकएंड. पहिल्या वीकएंडला जे शिकवतात ते यूट्यूबवर फुकट आणि जास्त नीट मिळतं.

सलग दोन शनिवार-रविवार, सकाळी दहा ते पाच, फी 14,000 रुपये अधिक जीएसटी. जागा कर्वे रोडला, दुसरा मजला, लिफ्ट नाही. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि शिकवणारे सर माणूस म्हणून भले आहेत. पुण्यात अशा क्लासांना तोटा नाही आणि बहुतेकांचा अभ्यासक्रम एकाच साच्यातला असतो, त्यामुळे तुम्ही दुसरीकडे जाणार असाल तरी हे वाचून थोडाफार अंदाज येईल.

मी कोल्हापुरातल्या एका लहान कंपनीत काम करते. आम्ही गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर बनवतो. संस्थेत जायचं, सचिवांना काय हवंय ते ऐकायचं, ऑफिसात येऊन ते डेव्हलपरांच्या कानावर घालायचं, हे माझं काम. व्हिजिटिंग कार्डावर इम्प्लिमेंटेशन एक्झिक्युटिव्ह, काम बिझनेस अ‍ॅनालिस्टचं, पगार सपोर्टचा. या धंद्यात कोणीही गरज सांगत नाही, सगळे बटण सांगतात. ‘इथं एक बटण द्या’, ‘हा रकाना लाल करा’, ‘ती पावती जरा मोठी करा’. ते बटण दाबून माणसाला नेमकं काय साधायचंय, हे विचारायची सवय लागावी म्हणून मालकांनी मला पाठवलं. म्हणजे फी कंपनीने भरली, हेही सांगून ठेवते. स्वतःच्या खिशातून गेली असती तर कदाचित सूर आणखी कडक असता.

पहिल्या शनिवारची सकाळ इतिहासात गेली आणि ती चक्क बरी गेली. इव्हार जेकबसन हा स्वीडनचा इंजिनिअर 1960 च्या दशकात एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या कामावर होता. एक साधा फोन लावायचा तरी तो एक्स्चेंजच्या कितीतरी भागांतून फिरतो. प्रत्येक भागाचा कागद वेगळा, प्रत्येक भागाचा इंजिनिअर वेगळा, आणि अख्खा कॉल सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठल्याच कागदावर नाही. म्हणून त्यांनी ग्राहकाच्या बाजूने गोष्ट लिहायला घेतली: रिसीव्हर उचलला, नंबर फिरवला, पलीकडे एंगेज लागला तर काय. एरिक्सनमध्ये याला ट्रॅफिक केस म्हणायचे. 1987 मध्ये ऊप्स्ला या सॉफ्टवेअरवरच्या परिषदेत जेकबसनने युज केस जगापुढे मांडले. 1995 मध्ये त्याची ऑब्जेक्टरी ही कंपनी रॅशनल या सॉफ्टवेअर कंपनीने घेतली, तिथे आकृत्यांच्या स्वतःच्या पद्धती काढलेले बूच आणि रम्बॉ आधीच होते, तिघांच्या खटपटीतून यूएमएल ही सॉफ्टवेअरच्या आकृत्यांची ठरीव भाषा उभी राहिली आणि 1997 मध्ये ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. पुढे 2003 मध्ये आयबीएमने रॅशनलच विकत घेतली. हे सगळं मुलाखतीत कोणी विचारत नाही. पण एक्स्चेंजची गोष्ट ऐकल्यावर हे प्रकरण जन्माला का आलं ते कळतं, आणि ते कळलं की पुढचं पाठ करावं लागत नाही. सरांनी टेलिकॉममध्ये वर्षं काढलेली आहेत, त्यामुळे सांगतानाचा रंगही वेगळा होता.

त्यानंतर मात्र एटीएम. महाराष्ट्रातल्या कुठल्याही क्लासात जा, युज केस म्हटलं की फळ्यावर एटीएम येतं आणि त्याच्या मागोमाग लायब्ररी. डावीकडे काड्यांचा माणूस, मधे चौकट, चौकटीत लंबवर्तुळं, त्यात ‘पैसे काढणे’, ‘शिल्लक पाहणे’. एटीएम सगळ्यांना माहीत असतं, हीच त्याची अडचण. कोणाला काही विचारावंच लागत नाही. आणि आमचं निम्मं काम विचारण्याचं. मी, नांदेडहून आलेला एक मेकॅनिकलचा मुलगा आणि हिंजवडीतली एक टेस्टर, तिघांनीही आपापली उदाहरणं आणली होती. सर म्हणाले, ती दुसऱ्या वीकएंडला. तोवर एटीएमच.

चित्राच्या भागातलं कामाचं तेवढं सांगते. चौकट म्हणजे तुमच्या सिस्टिमची हद्द. तिच्या बाहेरचे ते अ‍ॅक्टर, आतली लंबवर्तुळं ती कामं. अ‍ॅक्टर माणूसच असतो असं नाही, दुसरं मशीन किंवा दुसरी सिस्टिमही असू शकते. आणि लॉगिन हा युज केस नाही. यावर वर्गात बरीच गडबड झाली, कारण प्रत्येकाच्या पहिल्या लंबवर्तुळात लॉगिनच होतं. सरांनी कसोटी दिली: एवढं एकच काम करून माणूस समाधानाने चहाला जाऊ शकतो का? ‘दूध जमा झालं’ म्हटल्यावर जाऊ शकतो. ‘लॉगिन झालं’ म्हटल्यावर कोण जाणार? ही कसोटी मी आता रोज वापरते. ‘सभासद जोडणे’, ‘सभासद बदलणे’, ‘सभासद काढणे’, ‘सभासद शोधणे’ अशी चार लंबवर्तुळं दिसली की ती गुंडाळून ‘सभासदांच्या नोंदी सांभाळणे’ असं एकच करायचं, हेही त्याच दिवशी शिकले. आमच्या जुन्या कागदात यामुळे पानंच्या पानं कमी झाली.

अ‍ॅक्टर कोण, यावर माझ्या उदाहरणात छान वाद झाला असता, पण तो जेवणाच्या सुट्टीत करावा लागला. किटली घेऊन येतो तो सभासद. कॉम्प्युटरला हात लावतो तो संस्थेचा कर्मचारी. मग अ‍ॅक्टर कोण? सरांनी डबा बाजूला ठेवून उलट विचारलं, ‘चौकट कशाभोवती काढलीत?’ संस्थेभोवती काढली असेल तर सभासद, सॉफ्टवेअरभोवती काढली असेल तर कर्मचारी. सभासदाला मोबाइलवर बिल दिसायला लागलं की तेवढ्या कामापुरता तोही थेट अ‍ॅक्टर. दोन वाक्यांत सुटलेला हा प्रश्न आमच्या ऑफिसात वर्षभर लोंबकळत होता.

रविवारी अख्खी सकाळ इन्क्लूड (एका कामात दुसरं काम दर वेळी येतंच) आणि एक्स्टेंड (एखादं जोडकाम कधीतरीच लागतं). इन्क्लूडचा बाण मूळ कामाकडून आतल्या कामाकडे, एक्स्टेंडचा बाण जोडकामाकडून मूळ कामाकडे, म्हणजे उलटा. हे एवढंच आहे. त्याला तीन तास लागत नाहीत. लोकांना बाणाची दिशा पाठ होईना, सर पुन्हा पुन्हा काढत राहिले, आणि ज्यांना जमलं त्यांनी हौसेने प्रत्येक कामाचे तुकडे पाडून वीस-वीस लंबवर्तुळांचं जाळं केलं. ते जाळं बघून क्लायंटला काय कळणार? माझं मत असं की चित्र ही लग्नपत्रिका आहे. कोणाचं लग्न, कुठे, कोणाच्या उपस्थितीत, एवढं त्यात असतं. मांडवात काय घडलं ते नसतं. पत्रिकेच्या नक्षीवर अर्धा दिवस घालवणं मला पटलं नाही. इंटरव्ह्यूत मात्र बाणाची दिशा हमखास विचारतात, तेव्हा नोकरी शोधणाऱ्यांनी ती घोकून ठेवावी.

घड्याळाचीही एक चकमक झाली. दर दहा दिवसांनी बिल निघतं, ते कोणी सुरू केलं? वर्गात निम्मे म्हणाले वेळ हाच अ‍ॅक्टर, आणि घड्याळाचं चित्रही काढून झालं. आमच्याकडे हा वाद उद्भवतच नाही. पशुखाद्याची आणि अ‍ॅडव्हान्सची कपात आल्याशिवाय कुठलेही सचिव बिल काढत नाहीत, घड्याळात काहीही वाजलेलं असो.

आता दुसरा वीकएंड. 14,000 मधले पैसे वसूल झाले ते इथे.

यूएमएलचं प्रमाण चित्राबद्दल बोलतं. लंबवर्तुळाच्या आतला मजकूर कसा लिहावा, याचा ठरीव नमुना त्यात नाही. तो लोकांनी आपापला घडवला. सरांनी अ‍ॅलिस्टर कोबर्न या युज केसवर पुस्तक लिहिणाऱ्या माणसाच्या पद्धतीने शिकवलं. कामाच्या उद्दिष्टाला उंची असते: वर ढग आणि पतंग, मधे समुद्राची पातळी, खाली मासा आणि शिंपला. ‘संस्था चालवणे’ हे ढगात, ‘दूध जमा करणे’ समुद्रपातळीवर, ‘सभासद क्रमांक शोधणे’ पाण्याखाली. लिहायचं ते मुख्यतः समुद्रपातळीवरचं. ऐकायला पोरकट वाटतं, पण मीटिंगमध्ये कोणी एकदम रकान्याच्या रंगात शिरला की ‘साहेब, आपण मासे धरतोय’ म्हणता येतं. आमच्या ऑफिसात आता ही म्हणच झाली आहे.

मग सरांनी आम्हाला उभं केलं. एकजण सिस्टिम, एकजण अ‍ॅक्टर, एकजण वाचणारा. नियम एकच: प्रत्येक वाक्याचा कर्ता सिस्टिम, अ‍ॅक्टर किंवा बाहेरचं एखादं मशीन. ‘माहिती भरली जाते’ असं म्हटलं की वाक्य बाद. कोण भरतं? प्रत्येक पायरी वाचून झाली की बाकीच्या वर्गाने ओरडायचं: ‘आणि नाही झालं तर?’ पहिल्यांदा सगळे लाजले. तासाभरात शेजारच्या सीएच्या क्लासवाले दार ठोठवायला आले. माझं उदाहरण फळ्यावर असं उतरलं:

दूध जमा करणे
मुख्य अ‍ॅक्टर: संकलन कर्मचारी. सोबत: वजनकाटा, फॅट मशीन.
आधीच खरं असायला हवं: सत्र उघडलेलं आहे, चालू दरपत्रक भरलेलं आहे.
1. कर्मचारी सभासद क्रमांक देतो.
2. सिस्टिम सभासदाचं नाव आणि दुधाचा प्रकार दाखवते.
3. वजनकाटा वजन पाठवतो.
4. फॅट मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) पाठवतं.
5. सिस्टिम दरपत्रकावरून दर आणि रक्कम काढते.
6. सिस्टिम नोंद जतन करून पावती छापते.

सहा ओळी. आमचा जुना कागद इथेच संपायचा. ‘आणि नाही झालं तर?’ सुरू झालं आणि फळा पुरेना. 2अ: क्रमांक बंद झालेल्या सभासदाचा आहे. 2आ: आज गायीचं आणि म्हशीचं दोन्ही दूध आलंय. 4अ: मशीनकडून आकडे येत नाहीत, कर्मचारी ते हाताने भरतो, सिस्टिम त्या नोंदीवर ‘हाताने’ अशी खूण ठेवते. 4आ: फॅट ठरलेल्या किमान आकड्याच्या खाली आहे. 6अ: पावतीचा कागद संपला. आणि सगळ्यांत जुनं दुखणं, वीज गेली: वहीत लिहायचं आणि नंतर चढवायचं, पण मग ती नोंद कुठल्या वेळेची धरायची? यातली प्रत्येक ओळ आम्हाला आजवर फोनवर कळत आलेली, तीही सकाळी सहाला, रांग लागलेली असताना.

हिंजवडीच्या टेस्टरने तिथेच वहीत प्रत्येक फाट्यासमोर टेस्ट केस लिहायला घेतली. ‘एवढं मला आयतं मिळालं तर मी पाचला घरी जाईन’, ती म्हणाली.

परत आल्यावर हाच मजकूर मराठीत टाइप करून मी एका संस्थेच्या सचिवांपुढे, अण्णांपुढे, ठेवला. चित्र मुद्दाम नेलं नव्हतं. अण्णांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, बोट ठेवत ठेवत. चौथ्या पायरीवर थांबले. ‘ताई, हे सगळं बरोबर हाय, पण माणूस आकडा बघून म्हणतो परत लावा. तवा?’ गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर ठरलेला, त्याखाली एकेका पॉइंटला पैसे कापले जातात. परत लावा म्हणणारच माणूस. मग दोन आकडे झाले, त्यातला कुठला धरायचा? अण्णा म्हणाले दुसरा. पुढच्या गावात विचारलं तर म्हणाले, पहिलाच, नाहीतर रांग हलायची नाही. म्हणजे पायरी सगळीकडे एक, नियम संस्थेगणिक वेगळा. नियम युज केसमध्ये कोंबायचा नाही, वेगळ्या पानावर ठेवायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये तो संस्थेला ठरवता यायला हवा, हे सरांनी वर्गात सांगितलेलं वाक्य मला त्या दोन गावांमध्ये खऱ्या अर्थाने उमगलं. दहा वर्षं आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाने हा प्रश्न आजवर काढला नव्हता, कारण त्याला आजवर कोणी स्क्रीनशिवाय दुसरं काही दाखवलंच नव्हतं.

आता राहिलेल्या तक्रारी.

सकाळच्या सत्रात दीडशे माणसं रांगेत असतात. एक नोंद काही सेकंदांत उरकली पाहिजे, नाहीतर लोक किटल्या आपटतात. हा वेग युज केसच्या पायऱ्यांत कुठेच बसत नाही. त्यासाठी वेगळा कागद लागतो, आणि त्या विषयाला क्लासने शेवटची दहा मिनिटं दिली, तीही फीडबॅक फॉर्म भरता भरता. समोरच्या माणसाला बोलतं कसं करायचं, यावर तर काहीच नाही. सरांना स्वतःला ते उत्तम येतं, त्यांचे प्रश्न ऐकतानाच कळत होतं. अभ्यासक्रमात मात्र ते नाही.

‘आमच्याकडे सगळं जिरावर, स्प्रिंटमध्ये, आम्हाला याचा काय उपयोग?’ हा प्रश्न दर बॅचला येत असणार. (जिरा म्हणजे कामांची यादी ठेवायचं टूल, स्प्रिंट म्हणजे थोड्या आठवड्यांचा कामाचा टप्पा.) सर जरा बचावात्मक झाले. खरं तर घाबरायचं कारण नव्हतं. कोबर्न स्वतः अजाइलच्या, म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीच्या, 2001 च्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सतरा जणांपैकी एक. जेकबसनच्या बाजूने 2011 मध्ये युज केस 2.0 आलं, त्यात एका युज केसचे पातळ काप करून एकेक काप एकेका स्प्रिंटमध्ये घ्यायचा. माझ्या उदाहरणात सहा पायऱ्यांचा सरळ रस्ता हा पहिला काप, मशीन बंद असतानाचा फाटा दुसरा. आमच्या डेव्हलपरांना हे लगेच पटलं. युजर स्टोरीत, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवं ते सांगणाऱ्या छोट्या नोंदीत, एका ओळीत इच्छा कळते. ती इच्छा कुठे कुठे अडखळते ते बघायला लांबडा मजकूर लागतो. दोन्ही ठेवावं, भांडण कशाला?

टूलचा तास ठीक. प्लँटयूएमएल दाखवलं: साध्या मजकुरात ओळी लिहायच्या, चित्र आपोआप तयार होतं. फुकट आहे, देवनागरी नावं चालतात, आणि फाइल साधा मजकूर असल्यामुळे कोणी काय बदललं ते कोडसारखंच तपासता येतं. लंबवर्तुळ नेमकं कुठे बसावं हे फारसं आपल्या हातात राहत नाही. ज्यांना ओढून-सरकवून मांडायची हौस आहे त्यांनी ड्रॉ डॉट आयओ वापरावं, तेही फुकट. यानंतर एका महागड्या टूलचा डेमो झाला, तो सरळ सरळ जाहिरात होता.

नोट्स इंग्रजीत, झेरॉक्सच्या झेरॉक्स. आकृत्यांमधले तुटक बाण काही पानांवर अखंड दिसतात. बाणांवर अर्धा दिवस घालवणाऱ्या क्लासाला हे शोभत नाही. शिकवणं मराठी-हिंदी मिसळून, उत्तम कळतं. सर्टिफिकेट मिळतं, रंगीत, क्लासच्या नावाचं. त्याचा आयआयबीए या बिझनेस अ‍ॅनालिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या परीक्षांशी काही संबंध नाही, चौकशीच्या फोनवर मात्र तसा भास होईल असं बोलतात. तिच्या सीबीएपी या वरच्या सर्टिफिकेटसाठी 7,500 तासांचा अनुभव दाखवावा लागतो, तो कुठलाच वीकएंड क्लास देऊ शकत नाही.

कोणी करावा? क्लायंटसमोर जाऊन बसावं लागतं अशांनी, टेस्टरांनी, आणि लहान कंपनीत एकाच वेळी तीन टोप्या घालणाऱ्या माझ्यासारख्यांनी. कॉलेजातल्या मुलांनी प्रोजेक्ट रिपोर्टमधल्या आकृतीपुरता करू नये, तेवढ्यासाठी एक व्हिडिओ पुरतो. आमच्या बॅचमध्ये एक निवृत्त बँक अधिकारी फक्त दुसऱ्या वीकएंडला आले होते, अर्धी फी भरून. असं करता येतं हे वेबसाइटवर लिहिलेलं नाही, फोनवर विचारावं लागतं. स्वतःचं उदाहरण लिहून न्या, आणि ते शनिवारी सकाळीच सरांच्या हातात द्या, कारण फळ्यावर दोन-तीनच घेतात.

चहा दोन वेळा मिळतो, जेवण आपलं आपण. खाली दुचाकी लावायला जागा मिळते, चारचाकी विसरा. लॅपटॉप घरूनच चार्ज करून न्या, खोलीत प्लगचे बोर्ड दोनच आहेत आणि त्यातला एक प्रोजेक्टरला लागतो.